वीस लिटर हेलियमसाठी

मी मेकॅनिकलची. कॉलेजात रेफ्रिजरेशनचा पेपर दिला होता, त्यात सगळ्यात थंड वस्तू म्हणजे आइस्क्रीमचं कोल्ड स्टोरेज. २०२२च्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रकल्प अभियंता म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडमनी सांगितलं, की ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत जाणारा क्रायोस्टॅट, म्हणजे अतिथंडी टिकवून ठेवणारं भांडं, हवाय. पुढे त्यातलं हेलियम पंपाने खेचून दीड केल्विन गाठायचं. तयार घ्यायचा नाही, आपण डिझाइन करायचा आणि इथेच बनवून घ्यायचा.

तेव्हा मला कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत, कागदपत्रांसकट सांगायला हवं होतं. पुस्तकं आहेत, पण टेंडर कसं लिहायचं आणि सुरक्षा समिती काय विचारते हे पुस्तकात नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे कशासाठी, ते थोडक्यात. काही अणुकेंद्रकं एकदम दोन इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात आणि त्यांच्याबरोबर दोन प्रतिन्यूट्रिनो निघतात. कधी नुसतेच दोन इलेक्ट्रॉन निघाले, तर न्यूट्रिनो हा स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे असं सिद्ध होईल. हे अजून कुणालाही दिसलेलं नाही. शोधायची एक पद्धत म्हणजे बोलोमीटर: स्फटिकात सोडलेली ऊर्जा त्याच्या तापमानातल्या वाढीवरून मोजायची. स्फटिक १० मिलिकेल्विनच्या आसपास असेल तरच ती वाढ कळते. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली क्युओरे या प्रयोगात टेल्युरियम डायऑक्साइडचे ९८८ स्फटिक, ७४२ किलोचे, असे थंड ठेवलेले आहेत. आपल्याकडे कुलाब्याला टीआयएफआर या टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत कथील-१२४ घेऊन याच दिशेने काम झालंय.

आमचं काम फार खालच्या पायरीवरचं. स्फटिकाला चिकटवतात ते जर्मेनियमचे इवलेसे सेन्सर तपासायचे. मिलिकेल्विनच्या मोठ्या यंत्रात एक फेरी म्हणजे थंड करणं, मोजणं, परत गरम करणं यात आठवडे जातात. तिथे नासका सेन्सर नेणं परवडत नाही. म्हणून आधी ४.२ आणि १.५ केल्विनला चाळणी लावायची.

पहिला प्रश्न, ओला की कोरडा. ओला म्हणजे द्रव हेलियम ओतून थंड होणारा. कोरडा म्हणजे क्रायोकूलर: वीज द्या, थंडी घ्या, हेलियम ओतायची भानगड नाही. जग आता तिकडेच चाललंय, क्युओरेसुद्धा पल्स ट्यूब कूलरवर चालतो. पण कूलर ठोके देतो आणि ते ठोके सेन्सरच्या सिग्नलमध्ये उतरतात. क्युओरेवाल्यांना आपल्या कूलरच्या ठोक्यांचे टप्पे एकमेकांशी जुळवून गोंगाट मारावा लागला. शिवाय कूलर आयात करावा लागतो, आणि २०२० पासून २०० कोटींच्या आतल्या सरकारी खरेदीला जागतिक निविदा काढायची तर वरून खास परवानगी लागू लागली. आमच्या क्रायोस्टॅटसाठी मंजूर होते १२ लाख. ओला ठरला.

ऑगस्ट ते नोव्हेंबर मी फक्त शिकले. आयआयटी मुंबईची क्रायोजेनिक इंजिनिअरिंगची व्याख्यानं एनपीटेल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर फुकट आहेत, तिथून सुरुवात करा. पदार्थांच्या थंडीतल्या गुणधर्मांसाठी एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचा क्रायोजेनिक डेटाबेस आणि हेलियमच्या आकड्यांसाठी कूलप्रॉप हे सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी हे वापरून बघा. वीस लिटरच्या भांड्याला पुरतं.

शिकताना डोक्यात बसलेली पहिली गोष्ट अशी, की आपण थंडीचं डिझाइन करतच नाही. थंडी टाकीतून विकत येते. आपण डिझाइन करतो ते उष्णतेला आत येऊ न देण्याचं आणि वायूला बाहेर जायला वाट ठेवण्याचं. द्रव हेलियमची बाष्पीभवनाची उष्णता किलोला जेमतेम २०.७ किलोज्यूल, पाण्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. आत एक वॉट शिरला की तासाला १.४ लिटर हेलियम उडतं. घरातला झिरोचा बल्ब असतो ना, पंधरा वॉटचा, तो आत लावला तर आमचं अख्खं वीस लिटर तासाभरात संपेल. आणि हेलियम लिटरला हजारांत जातं.

मग हिशोब. आतलं भांडं २५० मिलिमीटर व्यासाचं, वीस लिटरचं, पृष्ठभाग सुमारे ०.४२ चौरस मीटर. ते ज्या नळीवर लटकतं ती मान ७५ मिलिमीटर व्यासाची, स्टेनलेस स्टीलची, भिंत अर्धा मिलिमीटर. उष्णता शिरायचे रस्ते तीन: मानेतून वहन, बाहेरच्या भांड्याकडून प्रारण आणि वायरी. प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं, त्यामुळे ४ केल्विनच्या भांड्याला ३०० केल्विनची भिंत दिसू द्यायची की ७७ केल्विनची, यात २३० पट फरक पडतो. म्हणून मधे ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजनचं भांडं आणि त्याला जोडलेलं तांब्याचं कवच. मानेचंही तसंच. स्टीलच्या थंडीतल्या वाहकतेची ३०० ते ४ केल्विन बेरीज मीटरला सुमारे ३०६० वॉट, आणि ७७ ते ४ ची फक्त ३२० च्या आसपास. मान मधेच ७७ केल्विनला तांब्याने बांधली की बरंचसं काम झालं. आमच्या मानेचं वहन असं ०.१५ वॉटवर आलं.

वायरींकडे दुर्लक्ष करू नका. तांब्याची नेहमीची वायर म्हणजे उष्णतेची उघडी नळी. फॉस्फर ब्राँझ किंवा मँगॅनिन या मिश्रधातूंच्या वापरा, बारीक वापरा, आणि वाटेत ७७ केल्विनवर गुंडाळून चिकटवा. शिवाय उडालेली थंड वाफ फुकट घालवू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बाष्पीभवनाच्या सत्तरएक पट उष्णता शोषते, तेव्हा मानेत गोल पत्र्याचे बॅफल घालून तिला मान थंड करत करत वर येऊ द्या. सगळं धरून कागदावरचा आकडा पाव वॉट आला, म्हणजे दिवसाला आठ-साडेआठ लिटर.

डिसेंबरात ड्रॉइंग झाली आणि मग सुरक्षा समितीची फाइल. ही फाइल मला डिझाइनपेक्षा जास्त शिकवून गेली.

समितीला चार कागद लागतात: पाइपिंगचा आराखडा, दाब सोडायच्या झडपांचा हिशोब, खोलीतल्या ऑक्सिजनचा हिशोब आणि चालवायची लेखी पद्धत. यातला झडपांचा हिशोब मन लावून करा. प्रश्न असा असतो: बाहेरच्या भांड्यातली निर्वात पोकळी अचानक गेली, समजा कुणाच्या हातून झडप उघडली, तर काय होईल? आत घुसलेली हवा हेलियमच्या भांड्यावर गोठते आणि आपली सगळी उष्णता त्याला देते. उघड्या भांड्यावर हा मारा चौरस मीटरला ३८ किलोवॉटपर्यंत जातो, वर मल्टिलेअर इन्सुलेशन, म्हणजे चकचकीत पातळ थरांचं वेष्टन, असेल तर सुमारे ६ किलोवॉट. १९७८ सालच्या प्रयोगांतले हे आकडे आजही धरले जातात. आमच्या भांड्याला इन्सुलेशनसकट अडीच किलोवॉट, म्हणजे वीस लिटर द्रव वीसेक सेकंदांत वाफ. इन्सुलेशन नसतं तर तीन-चार सेकंदांत. मानेच्या तोंडाशी बोटभर जाडीची झडप लावून हे बाहेर पडत नाही. आम्ही अर्ध्या बारवर उघडणारी झडप आणि तिच्या जोडीला वेगळ्या वाटेवर फुटणारी चकती दिली. वेगळी वाट यासाठी, की मानेत हवा शिरून बर्फाची बूच बसली तर मानेवरच्या सगळ्या झडपा निरुपयोगी. बाहेरच्या निर्वात भांड्यालाही स्वतःची झडप हवी, कारण आतलं भांडं चिरलं तर हेलियम तिकडेच जाणार.

समितीतले एक निवृत्त सर होते, फार कमी बोलायचे. त्यांनी सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेची गोष्ट काढली. १९ सप्टेंबर २००८ला तिथल्या एलएचसी या महाकाय कणत्वरकामध्ये दोन चुंबकांमधली एक सदोष विद्युत जोडणी जळाली, आर्कने हेलियमचं कवच फोडलं आणि सुमारे सहा टन हेलियम सुटलं. निर्वात कवचावरच्या झडपा एवढ्या प्रवाहासाठी मोजलेल्याच नव्हत्या. दाबाने टनावारी वजनाची चुंबकं जागची हलली आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला वर्ष उलटून गेलं. “तुमचं वीस लिटरचंच आहे,” सर म्हणाले, “पण खोलीसुद्धा तेवढीच आहे.”

खरंच आहे. एक लिटर द्रव हेलियमचा खोलीत साडेसातशे लिटर वायू होतो. आमची खोली शंभरेक घनमीटरची. क्रायोस्टॅटमधलं सगळं सुटलं तरी ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ वर येतो. बाहेर पळायचं, पण वाचतो. धोका कोपऱ्यात उभ्या असलेल्या शंभर लिटरच्या ड्युअरचा, म्हणजे द्रव हेलियम ज्यातून येतं त्या टाकीचा. तोही सुटला तर आकडा दहाच्या खाली जातो आणि तिथे माणूस काही कळायच्या आत कोसळतो. म्हणून नियम ठरला: ड्युअर फक्त भरताना आत, एरवी हवेशीर व्हरांड्यात, आणि लिफ्टमधून नेताना ड्युअर एकटा, माणसं जिन्याने. ऑक्सिजनचे सेन्सर दोन लावले. हेलियम छताशी साठतं, थंड नायट्रोजन जमिनीशी, म्हणून एक वर आणि एक गुडघ्याच्या उंचीवर. १९.५ टक्क्यांवर भोंगा.

परवान्यांचं म्हणाल तर दाबपात्रांचे नियम नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही संस्था बघते. एक हजार लिटरपेक्षा मोठ्या पात्रांना ते लागतात, आमचं त्यात बसत नव्हतं. आतला दाबही आम्ही मुद्दाम १५ पीएसआयच्या आत ठेवला, कारण त्याच्या वर गेलं की एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेचा प्रेशर व्हेसल कोड मागे लागतो आणि खर्च एकदम चढतो. तरीही ‘आम्हाला हा नियम का लागू नाही’ हे एका पानावर सहीनिशी लिहून फाइलला लावा. पुढे प्रत्येक टेबलावर तेच विचारतात. हेलियम वायूचे सिलिंडर घेताना खांद्यावर कोरलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाच्या चाचणीची) तारीख बघून घ्यायची सवय लावा.

मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०२३च्या शेवटी. म्हणजे मार्च तोंडावर. प्रकल्पात काम केलेल्यांना पुढचं सांगायला नको. पैसे ३१ मार्चच्या आत खर्च झाले नाहीत तर पुढच्या वर्षी वापरायला पत्रव्यवहार, उपयोगिता प्रमाणपत्र, स्पष्टीकरण. मॅडमनी शांतपणे पत्र लिहिलं आणि मला म्हणाल्या, “घाईत घेतलेला क्रायोस्टॅट आयुष्यभर गळतो. पुढच्या वर्षी घेऊ.”

आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर शोधायचं, तिथे अशी वस्तू नाही असा अहवाल काढून जोडायचा, मग ई-निविदा, दोन पाकिटांची: आधी तांत्रिक, ती पास झाली तरच दराची. निदान तीन आठवडे उघडी ठेवावी लागते. पहिल्या वेळी दोनच निविदा आल्या म्हणून पुन्हा काढावी लागली. दुसऱ्या वेळी तीन आल्या, त्यातली एक दुधाच्या टाक्या बनवणाऱ्यांची. टाक्या उत्तम असणार त्यांच्या, पण हेलियम लीक टेस्टचा अनुभव विचारला तर साबणाचं पाणी लावतो म्हणाले.

निविदेत काय लिहायचं, याचा माझा सल्ला: मापं कमी लिहिली तर चालेल, चाचण्या जास्त लिहा. गळती १० चा उणे नऊवा घात मिलिबार-लिटर प्रतिसेकंद याहून कमी. ती चाचणी द्रव नायट्रोजनमध्ये तीनदा गार-गरम केल्यानंतर पुन्हा. हे सगळं माल निघायच्या आधी, आमच्यासमोर. आणि त्यानंतरच पैसे. ही चार वाक्यं नसती तर आज हे लिहायला बसले नसते. सर्वांत कमी दर ९ लाख ८० हजारांचा आला. वर १८ टक्के जीएसटी, तो बजेटमध्ये आधीच धरा. जुलैत ऑर्डर गेली.

फॅब्रिकेटर भोसरी एमआयडीसीतला. तिथे घालवलेले दिवस हा या सगळ्यातला माझा आवडता भाग. निर्वात पोकळीच्या वेल्डिंगचा एक नियम आहे: सलग वेल्ड निर्वाताच्या बाजूने मारायचा, दुसऱ्या बाजूला फक्त टाके. दोन्हीकडून सलग मारला तर मधे हवेची बंद फट राहते, ती महिनोन्‌महिने हळूहळू झिरपत राहते आणि बाहेरून शोधून सापडत नाही. ड्रॉइंगवर मी बाण काढून ते दाखवलं होतं. आर्गॉन वेल्डिंग मारणाऱ्या काकांनी कागद उलटसुलट केला.

“मॅडम, हे ठीकाय. पण ही अर्ध्या एमएमची नळी ह्या पंधरा एमएमच्या फ्लँजला कशी मारू? फ्लँज तापायच्या आत नळी जळणार.”

“मग काय करूया, काका?”

त्यांनी खडूने जमिनीवर काढून दाखवलं. फ्लँजच्या भोकाभोवती लेथवर खोल खाच घ्यायची, की काठाला नळीएवढाच पातळ ओठ उरतो. मग ओठाला ओठ. दोघं सारखे तापतात, टॉर्च एका फेरीत फिरतो, तारही घालावी लागत नाही. नंतर पाहिलं तर मोठ्या प्रयोगशाळांच्या ड्रॉइंगमध्ये हाच जोड असतो. काकांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं. औषध कंपन्यांचे पातळ पाइप मारून मारून कळलेलं. तेव्हापासून ड्रॉइंग अंतिम करायच्या आधी मी वेल्डरला दाखवते.

पुढचे काही महिने मात्र रखडपट्टी. फोन केला की “परवा होतंय.” गणपती झाले, दिवाळी झाली. मधल्या काळात इन्सुलेशनचं सामान जमवलं. मल्टिलेअर इन्सुलेशन म्हणजे अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली पातळ मायलार (प्लास्टिकची फिल्म) आणि दोन थरांमधे जाळी, असे तीस थर. आयात जाळी महाग. मॅडम म्हणाल्या, मंगलदास मार्केटला जा. पॉलिएस्टरची बारीक नेट, घागऱ्याला लावतात ती, कमीत कमी वजनाची आणि बिनस्टार्चची घेतली. बिलावर दुकानदाराने लिहिलं ‘ब्रायडल नेट, २५ मीटर’. लेखा विभागाने ते बिल परत पाठवलं, “प्रयोजन स्पष्ट करावे” असा शेरा मारून. मी दोन परिच्छेद उष्णता-प्रारणाबद्दल लिहिले. पास झालं. (जाळी धुऊन, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवून घ्या, स्टार्च राहिला तर पोकळीत वायू सोडत बसतो. आणि थर घट्ट गुंडाळू नका, दाबले की एकमेकांना टेकून उष्णता वाहतात.)

जानेवारी २०२४मध्ये चाचणीला बोलावलं. खोलीच्या तापमानाला गळती शून्याच्या जवळ. सगळे खूश, चहा मागवला. मग भांड्यात द्रव नायट्रोजन ओतला, गार केलं, गरम केलं, तीनदा. लीक डिटेक्टर पुन्हा लावला तर काटा हजारपट वर. फॅब्रिकेटरचं म्हणणं, तुमच्या डिटेक्टरची ओ-रिंग गळते. ती बदलली, काटा तिथेच. मग इंजेक्शनच्या सुईने हेलियमचा बारीक फवारा. तो वर चढतो, म्हणून शोध वरून खाली घ्यायचा, नाहीतर खालच्या जोडावर मारलेला वायू वर जाऊन वरच्या गळक्या जोडातून आत शिरतो आणि खालचा जोड दोषी दिसतो. मानेच्या खालच्या जोडाशी आल्यावर काटा उडी मारायचा. डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. बोट ठेवून खूण केली.

हा जोड काकांचा नव्हता, ते गावी गेले असताना दुसऱ्या कुणीतरी मारलेला. मालक म्हणाले वरून एक पास मारून देतो. इथे मात्र अडून बसा. गळक्या वेल्डवर वरून वेल्ड मारला की भेग बुजल्यासारखी वाटते, पुढच्या थंडीत पुन्हा उघडते. निविदेतल्या त्या चार वाक्यांवर बोट ठेवलं. जोड खरवडून काढला, काकांनी नव्याने मारला, पुन्हा तीन गार-गरम फेऱ्या. यात फेब्रुवारी गेला. क्रायोस्टॅट मुंबईत आला मार्चमध्ये, आणि यावेळी बिल ३१ च्या आत बसलं.

एप्रिलमध्ये पहिली थंडी. आदले दोन दिवस पोकळी पंपावर. मग हेलियमच्या भांड्यातच द्रव नायट्रोजन भरून रात्रभर ठेवायचा. हे काटकसरीसाठी: एक किलो स्टील खोलीच्या तापमानापासून नुसत्या द्रव हेलियमच्या बाष्पीभवनाने थंड करायचं तर तीसएक लिटर लागतं, ७७ केल्विनपासून केलं तर दीडेक लिटर. सकाळी नायट्रोजन दाबाने बाहेर काढायचा, अगदी थेंब न् थेंब. राहिलेला नायट्रोजन गोठून तळाशी दगडासारखा बसतो आणि हेलियम खातो. तो संपला की नाही हे कळायची खूण: भांडं पंपाने खेचा, दाब १२५ मिलिबारच्या आसपास अडून बसला तर आत अजून नायट्रोजन आहे, कारण तो तिथे गोठायला लागतो. दाब सरळ खाली गेला तर झालं. मग हेलियम वायू भरून पुन्हा पंप, दोन-तीनदा.

ड्युअर सकाळी अकराला आला. भाडं दिवसावर असतं, त्यामुळे सगळी तयारी झाल्याशिवाय मागवू नका, आणि शुक्रवारी तर अजिबात नको. ड्युअरमध्ये किती द्रव आहे ते आमच्याकडच्या तंत्रज्ञ दादांनी जुन्या पद्धतीने पाहिलं. लांब बारीक नळी, तिच्या वरच्या टोकाला ताणलेला रबराचा पडदा. नळी हळूहळू आत सोडायची आणि अंगठा पडद्यावर ठेवायचा. पडदा थडथडतो. टोक द्रवाला लागलं की थडथडीची चाल बदलते. “लाव अंगठा,” दादा म्हणाले. पहिल्यांदा मला काहीच फरक कळला नाही. त्यांनी नळी दोन बोटं वर-खाली केली आणि मग कळला, इतका स्पष्ट की पुन्हा कधी विसरणार नाही. आमच्याकडे निओबियम-टायटॅनियमच्या तारेचा लेव्हल मीटरही आहे, पण दादा त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

भरताना सुरुवात अगदी हळू. घाई केली तर द्रव आत पडायच्या आधीच उडून जातो आणि थंड वाफेची सगळी मेहनत वाया. पाऊण तास नुसता वायू. तापमान ७७, ६०, ४०. वीसच्या खाली आल्यावर एकदम घसरलं, कारण इतक्या थंडीत धातूंची उष्माधारकता जवळपास संपलेली असते. दुपारी दीडला ४.२ वर रेघ सरळ झाली. मॅडमनी फक्त वहीत वेळ लिहिली आणि “जेवून घ्या सगळे” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पंप लावला. दाब कमी करत गेलं की तापमान उतरतं. ५० मिलिबारच्या आसपास, २.१७ केल्विनला, हेलियम अतिप्रवाही होतं, म्हणजे घर्षणाशिवाय वाहू लागतं. आमचं भांडं स्टीलचं, आत काही दिसत नाही. पण सेन्सरच्या ग्राफवर दिसलं. तोवर उकळणाऱ्या बुडबुड्यांमुळे रेघ केसाळ होती. त्या बिंदूपाशी ती दोन-तीन सेकंदांत स्वच्छ झाली, कारण अतिप्रवाही हेलियम बुडबुडे न काढता पृष्ठभागावरूनच उडतं. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो, पंप घरघरत होता, आणि दादांनी विचारलं की प्रिंट काढून ठेवू का. काढून ठेवली. संध्याकाळी १.५२ केल्विन. एवढं उतरेपर्यंत द्रवाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग पंपातून निघून जातो, तेव्हा २० लिटर भरलं म्हणून २० लिटर वापरायला मिळेल असं धरू नका.

मापलेली गळती-उष्णता ०.३२ वॉट निघाली, कागदावर पाव होती. वायरी आणि इन्सुलेशनच्या सांध्यांचा तो फरक असावा. दिवसाला दहा-अकरा लिटर. जाणकारांना विचारलं तर म्हणाले, पहिल्या खेपेला दुप्पट आलं असतं तरी चांगलं म्हटलं असतं.

शेवटचं, हेलियम परत गोळा करण्याबद्दल. भारत जवळजवळ सगळं हेलियम आयात करतो, आणि २०२२मध्ये जगभरची टंचाई आमच्या कोटेशनमध्ये उतरलेली आम्ही पाहिली होती. म्हणून मानेतून येणारा वायू छतावर न सोडता मोठ्या रबरी पिशवीत घेतो, तिथून कॉम्प्रेसरने सिलिंडरमध्ये. भरलेले सिलिंडर द्रवीकरण केंद्राला परत देतो आणि पुढच्या बिलात तेवढी सूट मिळते. पंपाच्या बाहेरच्या बाजूला तेलाचा फिल्टर लावायला विसरू नका, तेलकट वायू ते घेत नाहीत. आमच्याकडे साधारण तीन चतुर्थांश परत जातो. फक्त स्टॉक रजिस्टरमध्ये अडचण झाली आहे: हेलियम ‘उपभोग्य वस्तू’ म्हणून खर्ची पडलेलं आहे, आणि खर्ची पडलेली वस्तू परत कशी दिली, असा लेखा विभागाचा प्रश्न आहे. मी उत्तर पाठवलंय. फाइल सध्या उपकुलसचिवांच्या टेबलावर आहे.